चढती साखर

१

कुलपांचं दुकान चालवणाऱ्या त्या माणसाला झटके आले ते भरदुपारी, भेटायची वेळ चालू असताना, बायकोच्या डोळ्यांदेखत. आदल्या दिवसापर्यंत प्रकृतीला चांगला उतार होता. रक्तात पसरलेला संसर्ग आटोक्यात आला होता, रक्तदाब सावरला होता आणि एक-दोन दिवसांत व्हेंटिलेटर काढू, असं डॉक्टर बोलूनही चुकले होते. आणि एकाएकी हातपाय ताठ, डोळे पांढरे. उजव्या हाताची शीर टोचून रक्त काढलं, प्रयोगशाळेत धाडलं, तेव्हा कळलं की रक्तातली साखर पार तळाला गेली आहे. ग्लुकोज टोचल्यावर झटके थांबले, पण माणूस काही शुद्धीवर आला नाही.

साखर तळाला नेली ती पंपातल्या इन्सुलिनने. ते सकाळपासून वाढवत नेलं होतं त्या खाटेच्या सिस्टरने. का वाढवलंस, तर म्हणे साखर सारखी चढत होती. आता मोजणारीही तीच आणि इन्सुलिन वाढवणारीही तीच. त्यातच आदल्या दिवशी रुग्णाच्या पुतण्याशी तिचं सगळ्यांसमोर कडाक्याचं भांडण झालेलं. दोन अधिक दोन करायला रुग्णालयाच्या संचालकांना वेळ लागला नाही.

"सूड घेतला हो तिनं, दुसरं काय," दुसऱ्या दिवशी सकाळी ते थोरल्या मॅडमना म्हणाले. "साखर मोजायच्या यंत्रात आकडे चढतेच आहेत, ते मी पाहिलं. पण पट्टीला साखरेचं पाणी लावलं की यंत्र बिचारं काय करणार?"

थोरल्या मॅडमनी आयुष्यभर आयसीयू चालवलं होतं आणि अर्ध्या शहरातल्या आयसीयूंचे डॉक्टर त्यांच्या हाताखालून गेले होते. निवृत्तीनंतर गुडघे कुरकुरायला लागले, जीभ मात्र पहिल्यासारखीच चालत होती. कुठे काही विपरीत घडलं की आतल्या आत चौकशी करायला लोक त्यांनाच बोलवत, आणि बोलावल्याचा पश्चात्ताप करत.

"तुमचं सगळं ठरलेलंच आहे, तर मला कशाला बोलावलंत?" त्यांनी विचारलं.

"पोलिसांना कळवायच्या आधी एका जाणत्या माणसाचं मत असावं, म्हणून. संध्याकाळी कळवणार आहोत."

"म्हणजे माझी सही हवी आहे, मत नव्हे. आणि ती मुलगी कुठे आहे?"

संचालकांनी घसा साफ केला. "सामानाच्या खोलीत बसवली आहे. बाहेर माणूस ठेवला आहे."

मॅडमना कुठल्याही गोष्टीवर सगळ्यांचं चटकन एकमत झालं की आधी संशय यायचा. इथे तर शिपायापासून संचालकांपर्यंत सगळे एका सुरात बोलत होते. कुठेतरी पाणी मुरतंय, असं त्यांच्या मनाने घेतलं.

२

त्या सिस्टरला सगळे 'घड्याळ' म्हणत. तिने कधी औषधाची वेळ चुकवली नव्हती आणि कुणाला चुकवूही दिली नव्हती. त्यामुळे तिच्यावर भरवसा सगळ्यांचा होता, जीव मात्र कुणाचाच नव्हता. आता ती सामानाच्या खोलीत, हातमोज्यांच्या खोक्यांच्या मधोमध एका स्टुलावर बसली होती. डोळे सुजलेले होते, पण गणवेशाला एक सुरकुती नव्हती.

"मी काही केलेलं नाही, मॅडम," ती म्हणाली. "पण हे मी कालपासून इतक्या वेळा सांगितलंय की आता मलाच खोटं वाटायला लागलंय."

"तू काय केलं नाहीस ते राहू दे. काय केलंस ते सांग."

तिने क्रमाने सांगितलं. काल सकाळी कामावर आली तेव्हा साखर ठीक होती. मग चढायला लागली. तिने नियमाप्रमाणे इन्सुलिन वाढवलं. तरी चढलीच. आणखी वाढवलं. दोनदा तिने विभागप्रमुखांना बोलावून सांगितलं, की सर, ही साखर अशी का वागतेय?

"मग सर काय म्हणाले?"

"म्हणाले, संसर्गात असं होतं. वाढव."

"बरोबरच म्हणाला. मीही तेच म्हटलं असतं," मॅडम म्हणाल्या. "पण मला एक सांग, रक्त कुठून घेत होतीस? बोटातून?"

सिस्टर पहिल्यांदाच अडखळली. "नाही. बोटं टोचून टोचून काळीनिळी झाली होती त्यांची. काकू, म्हणजे त्यांच्या मिसेस, माझा हात धरून रडल्या, म्हणाल्या, पोरी, नको गं त्यांना सारखं टोचूस. म्हणून मी मनगटातल्या नळीतून घ्यायला लागले."

ही नळी म्हणजे धमनीत सरकवलेली बारीक पोकळ काडी. तिच्यावरून मॉनिटरला रक्तदाब कळतो आणि चाचणीला लागेल तेवढं रक्तही न टोचता मिळतं. सगळ्या आयसीयूंमध्ये असंच करतात, त्यात वावगं काही नव्हतं.

"रक्त घेण्याआधी नळीतला पहिला भाग काढून टाकत होतीस?"

"प्रत्येक वेळी. आणि नंतर नळी धुवूनही काढत होते."

"तीच नळी पहिल्यापासून होती?"

"नाही. उजव्या हातातली काल सकाळी बंद पडली. सरांनी स्वतः येऊन डाव्या हातात नवीन घातली, सगळं त्यांनीच जोडलं. मी तेव्हा रुग्णाच्या छातीतला कफ काढत होते."

मॅडमनी मान हलवली. मुलगी खरं बोलत होती किंवा फारच हुशार होती. आजवर त्यांना दोन्ही प्रकारच्या मुली भेटल्या होत्या आणि त्यांच्या चेहऱ्यांत काहीही फरक नसतो, एवढंच त्या शिकल्या होत्या.

"पुतण्याशी कशावरून भांडलीस?"

"पंपाचा आवाज सहन होत नाही म्हणून तो पंपाची बटणं दाबत होता. मी हात झटकला त्याचा. तो मला वाटेल ते बोलला." तिने दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "मॅडम, हे मी कुणाला सांगितलेलं नाही. सांगितलं असतं तर स्वतःवरचं दुसऱ्यावर ढकलते असं म्हणाले असते. काल झटके यायच्या आधी तो खाटेजवळ एकटा होता. आणि त्याच्या खिशात इन्सुलिनची सुई होती."

३

बाहेरच्या खोलीत एका टोकाला काकू बसल्या होत्या आणि दुसऱ्या टोकाला पुतण्या. मधल्या सगळ्या खुर्च्या रिकाम्या होत्या.

काकूंना काही विचारावं लागलं नाही. "तिला सोडू नका," त्या म्हणाल्या. "मी विश्वासाने हात धरला हो तिचा. सख्ख्या मुलीसारखी बोलायची माझ्याशी. तिचं कधी भलं होणार नाही, तिच्या घरात कधी दिवा लागणार नाही. कालपासून मी हेच म्हणतेय." मग जरा थांबून म्हणाल्या, "सर होते म्हणून ते अजून आहेत. सर देवमाणूस. काल जेवलेसुद्धा नाहीत, सारखे येऊन बघत होते."

"आणि पुतण्या?"

काकूंचा चेहरा आक्रसला. "दुकानाच्या चाव्या मागत होता कधीपासून. यांनी दिल्या नाहीत. जगभराला कुलपं विकली, पण घरातला माणूस ओळखून आहेत ते."

पुतण्या तोंडाळ होता आणि घाबरलेलाही. खिशातून काय दिसत होतं असं विचारताच त्याने पेनसारखी ती सुई स्वतःच काढून मॅडमच्या हातात दिली.

"माझीच आहे. लहानपणापासून मधुमेह आहे मला, जेवायच्या आधी टोचावी लागते. कुणालाही विचारा."

"भांडण मात्र तुमचं सगळ्यांशी आहे. काकांशी चाव्यांवरून, सिस्टरशी बटणांवरून."

"भांडखोर आहे मी, मान्य आहे," तो म्हणाला. "पण मॅडम, जरा डोकं चालवा. मी त्यांना ही टोचली असती, तर साखर उतरली असती. त्या सिस्टरच्या यंत्रात तर ती चढत होती. इन्सुलिनने साखर चढलेली मी तरी जन्मात पाहिली नाही."

अशा माणसाकडून शहाणपण ऐकून घ्यायला मॅडमना आवडत नसे, पण मुद्दा बिनतोड होता. त्या खिडकीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. खाली रुग्णवाहिका मागे घेताना कुणीतरी मोठ्याने हातवारे करत होतं.

पुतण्याने टोचलं असतं, तर सिस्टरचे आकडे खाली आले असते. म्हणजे तो सुटला. सिस्टरने मुद्दाम केलं असतं, तर तिने विभागप्रमुखांना दोनदा बोलावून साखरेकडे लक्ष वेधलं नसतं. शेजाऱ्याला हाक मारून कुणी त्याच्या घरात चोरीला शिरत नाही. मग उरलं काय? सिस्टरचं यंत्र खरं बोलत होतं आणि प्रयोगशाळाही खरं बोलत होती. एकाच माणसाचं रक्त एका हातात गोड होतं आणि दुसऱ्या हातात नव्हतं.

रक्त काही हात बघून चव बदलत नाही. डाव्या हातात नळी होती, आणि ती नळी एका पिशवीला जोडलेली होती.

"अगं बाई," थोरल्या मॅडम स्वतःशीच म्हणाल्या, आणि गुडघ्यांना न जुमानता जवळजवळ धावतच आत निघाल्या.

४

आत विभागप्रमुख खाटेपाशीच उभे होते. उंच, शांत, कपाळावरचे केस पांढरे व्हायला लागलेले. विद्यार्थी असताना मॅडम त्यांना 'धांदल्या' म्हणत. हात हुशार, पण नेहमी एक पायरी गाळून पुढे जायची खोड. ती खोड मॅडमनीच रागावून रागावून मोडून काढली होती आणि त्याचा त्यांना अभिमान होता. त्यांचा स्वतःचा मुलगा परदेशी गेला तो तिकडचाच झाला. हा मात्र अजून आठवड्याला फोन करायचा.

"मॅडम, तुम्ही आलात ते बरं झालं," ते म्हणाले. "मला तर काही सुचेनासं झालंय. इतकी नेटकी मुलगी."

"ती पिशवी बघायची आहे मला."

धमनीतला दाब फार असतो. रक्त नळीतून उलटं वर चढू नये, नळी गोठू नये, म्हणून खारट पाण्याची म्हणजे सलाईनची पिशवी वर टांगतात आणि तिच्याभोवती जाड कापडी खोळ घालून ती हवेने फुगवतात. त्या दाबाने सलाईन थेंबाथेंबाने नळीत जात राहतं. एकदा खोळ चढली की पिशवीवर काय लिहिलंय ते कुणाला दिसत नाही. आणि तिथे सलाईनऐवजी चुकून ग्लुकोजची पिशवी लागली, तर त्या नळीतून घेतलेलं प्रत्येक रक्त साखरेत भिजूनच बाहेर येणार, आधीचं कितीही काढून टाकलं तरी.

मॅडमनी खोळीतली हवा सोडली आणि पिशवी बाहेर ओढली.

सलाईन. ठळक अक्षरांत, स्वच्छ, शंकेला जागा न ठेवता.

त्यांनी उलटसुलट करून पाहिलं. पिशवी भरलेली होती, चापूनचोपून, आत हवेचा एक बुडबुडासुद्धा नाही. तेवढ्यातही त्यांना बरं वाटलं. खोळीत घालण्याआधी पिशवीतली सगळी हवा ओढून काढायची, हा त्यांचा नियम. दाबाखाली हवा धमनीत शिरली तर अनर्थ होतो. आजकाल हा उपद्व्याप कुणी करत नाही.

"शाबास. ही कुणी लावली?"

"कुणीतरी सिस्टरनेच लावली असेल," विभागप्रमुख म्हणाले. "मॅडम, हे माझ्याही मनात आलं होतं. पण सलाईनच आहे. दुसरं काही स्पष्टीकरण असतं तर मलाच सगळ्यात जास्त आनंद झाला असता."

इतका नीट रचलेला तर्क असा एका पिशवीसरशी आडवा झाला. मॅडमना एकदम आपलं वय आठवलं. संध्याकाळ व्हायला फार वेळ नव्हता, आणि सामानाच्या खोलीतल्या त्या मुलीला सांगायला त्यांच्याकडे काहीच नव्हतं.

तेवढ्यात कोपऱ्यातल्या खाटेवरून दुसऱ्या सिस्टरने हाक मारली. त्या खाटेवर एक बाळंतीण होती. बाळंतपणात फार रक्त गेल्याने आणलेली, वीस-बावीस वर्षांची पोर.

"सर, हिची साखर परत चढली. इन्सुलिन अजून वाढवू ना?"

मॅडमनी सवयीने विभागप्रमुखांकडे पाहिलं. अशा वेळी कुठलाही डॉक्टर आधी रुग्णाकडे बघतो किंवा मॉनिटरकडे. त्यांनी पाहिलं ते तिच्या खाटेवर टांगलेल्या खोळीकडे, आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला.

५

"हात लावू नकोस पंपाला," मॅडम ओरडल्या. "बंद कर तो. आणि तिचं बोट टोच. नळीतून नको, बोट टोच."

"पण मॅडम, नळी आहे ना, मग कशाला…"

"टोच म्हणते ना मी."

बाळंतिणीचं अंग घामाने भिजलं होतं. औषधाची गुंगी आहे म्हणून ती डोळे उघडत नाही, असं सगळे धरून चालले होते. सिस्टरने बोट टोचलं, पट्टी लावली, आणि यंत्रातला आकडा मॅडमपुढे धरला. नळीतल्या रक्तात मधुमेह्यालाही लाजवील इतकी साखर होती आणि बोटात जेमतेम जीव धरून राहील एवढी.

ग्लुकोज दिलं. थोड्याच वेळात पोरीने कण्हत डोळे उघडले, समोर सगळे असे दाटीवाटीने उभे बघून ती घाबरली आणि बाळ कुठे आहे ते खुणेने विचारू लागली. सिस्टर तिथेच रडायला लागली.

मॅडमनी खोळ उघडली. आत ग्लुकोजची पिशवी होती. वरच्या बाजूला हवेचा मोठा फुगा होता, आजकालच्या पद्धतीप्रमाणे.

"ही कुठून घेतलीस?"

"सलाईनच्या खणातून, मॅडम. नेहमीच्याच." ती धावत जाऊन खण घेऊन आली. सलाईनच्या पिशव्यांत ग्लुकोजच्या दोन पिशव्या मिसळलेल्या होत्या. आकार तोच, झाकण तेच, अक्षरं फक्त वेगळी. घाईत असलेला माणूस अक्षरं वाचत नाही, खण वाचतो. सलाईनच्या खणातली पिशवी म्हणजे सलाईनच, ही या लोकांची सवय होती, आणि त्यात कुणा एकाला नावं ठेवण्यात अर्थ नव्हता. मॅडमनी स्वतः आयुष्यभर तेच केलं होतं.

म्हणजे कुलूपवाल्याचंही हेच झालं होतं. यात आता शंका राहिली नव्हती. घड्याळ सिस्टर सुटली. संचालकांचा चेहरा बघण्यासारखा होईल, असा एक खट्याळ विचारही मॅडमच्या मनात येऊन गेला.

आणि मग हातातल्या पिशवीतल्या त्या हवेच्या फुग्याकडे त्यांचं लक्ष गेलं.

कुलूपवाल्याच्या खोळीत तर सलाईन होतं. कारण ती पिशवी मागाहून कुणीतरी बदलली होती. काल सकाळपासून लागलेली पिशवी असती, तर दर तासाला नळी धुवून धुवून काल दुपारपर्यंतच चांगली खपाटीला गेली असती. ती तर जवळजवळ भरलेली होती. झटके आल्यावरच घड्याळ सिस्टरला तिथून उठवून सामानाच्या खोलीत नेलं होतं, तेव्हा बदलणारी ती नव्हे. आणि बदलणाऱ्याने एवढ्या धांदलीतही पिशवीतली हवा काढली होती.

या आयसीयूत हवा काढायची सवय एकाच माणसाला होती. ती त्याला कुणी लावली, हे थोरल्या मॅडमना कुणी सांगायची गरज नव्हती.

६

विभागप्रमुखांच्या खोलीत त्या शिरल्या तेव्हा ते टेबलाशी उभेच होते. त्यांनी दार लावून घ्यायला सांगितलं नाही, मॅडमनीच लावलं.

"सवय फार वाईट असते," मॅडम म्हणाल्या. "चोरी करतानासुद्धा तू हवा काढलीस."

ते खुर्चीत बसले. इतकी वर्षं समोर मॅडम उभ्या असताना ते कधी बसले नव्हते.

"प्रयोगशाळेचा आकडा आला तेव्हाच माझ्या लक्षात आलं," ते म्हणाले. "सकाळी नळी बंद पडली, तिकडे दुसरा रुग्ण यायच्या वाटेवर होता. मी खणात हात घातला, पिशवी घेतली, हवा काढली, खोळीत घातली. वाचली नाही. झटके थांबल्यावर सगळे पांगले, मी खोळ उघडून बघितली आणि बदलली."

"चूक झाली. चुकीबद्दल मी तुला विचारतच नाहीये."

"मी सांगणार होतो, मॅडम. खरंच. काकूंना आधी जरा सावरू दे, मग सांगू, असं म्हटलं. तेवढ्यात संचालकांनी त्या मुलीला धरलं. मी काहीच म्हटलं नाही. मला काही म्हणावंच लागलं नाही. सगळं आपोआप होत गेलं."

"आणि तू बघत राहिलास."

"हो."

मॅडमना इतका राग आला होता की त्यांना बसणं भाग पडलं. राग आला होता आणि रडूही. हा मुलगा हुशार होता, दयाळू होता, रुग्णासाठी न जेवता उभा राहणारा होता. हे सगळं काल दुपारीही खरं होतं आणि तरीही त्याने ते केलं होतं. लबाड माणसाने केलं असतं तर त्यांना एवढं लागलं नसतं.

"पिशवी बदललीस," त्या म्हणाल्या. "मग खण का नाही तपासलास?"

ते टेबलावरचे कागद सारखे करू लागले.

"एक पिशवी चुकीची निघाली, तर त्या खणात आणखी असतील, हे तुला कळलं नाही? तुला? हे मी नव्या पोरांना पहिल्या आठवड्यात शिकवत असे."

"कळलं होतं," ते फार हळू म्हणाले. "खण उपसायला लागलो असतो, तर कुणीतरी विचारलं असतं की काय शोधताय. म्हटलं, संध्याकाळी बघू. मग सकाळी बघू. ती बाळंतीण… तिची खोळ मी आज दोनदा हातात धरली, मॅडम. उघडली नाही."

"तिला काही झालं असतं तर?"

"तर तेही कुणा सिस्टरच्याच नावावर गेलं असतं," ते म्हणाले, आणि आपण काय बोललो हे ऐकून त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

बाहेर कुठल्यातरी पंपाचा आवाज होत होता आणि कुणीतरी येऊन तो थांबवला. या मुलाला वाचवण्याचे चार मार्ग त्यांना दिसत होते. दोष सामानवाल्यांचा, पिशव्या बनवणाऱ्यांचा, खणाचा. सिस्टरही सुटली असती आणि हाही. संचालकांना तर असलं स्पष्टीकरण हवंच असतं. त्यांनी सही केली असती तर कुणी एक अक्षर विचारलं नसतं.

"मॅडम, तुम्ही सांगा मी काय करू," ते म्हणाले.

"तुला ठाऊक आहे. संचालकांशी मी बोलते. काकूंना तू सांगायचंस, आणि आत्ता. मी बरोबर येईन, पण तोंड उघडणार नाही."

७

काकू त्याच खुर्चीत होत्या. विभागप्रमुख येताना दिसताच उठून उभ्या राहिल्या आणि त्यांनी हात जोडले. त्यांना बसवून ते समोर बसले आणि त्यांनी सगळं सांगितलं. मॅडमना भीती होती की ते मोठमोठ्या शब्दांच्या आड लपतील, पण त्यांनी तसं केलं नाही. चुकीची पिशवी मी लावली, वाचली नाही, मागाहून गुपचूप बदलली, असं सरळ सांगितलं. काका शुद्धीवर येतील की नाही, हे आज कुणीच सांगू शकत नाही, तेही सांगितलं. दुसऱ्या टोकाचा पुतण्या केव्हा जवळ येऊन उभा राहिला, कुणाला कळलं नाही.

काकूंनी मधे एकदाही टोकलं नाही. मग म्हणाल्या, "चूक होते, डॉक्टर. चाळीस वर्षं दुकान केलं आम्ही, चुकीची किल्ली कुणाच्या हातात पडत नाही? तुमच्या हातून झालं, त्याचं काय करायचं ते मला अजून कळत नाही. माझं डोकं चालत नाही आत्ता."

"काकू, मी…"

"पण त्या मुलीचं काय?" काकूंचा आवाज चढला नाही. "कालपासून मी तिला शिव्याशाप देतेय. तुमच्यासमोर देत होते. काल तुम्ही माझ्याजवळ बसला होतात, माझ्या पाठीवरून हात फिरवत होतात, आणि मी म्हणत होते की तिच्या घरात कधी दिवा लागणार नाही. तुम्ही ऐकत होतात ना?"

विभागप्रमुखांनी मान डोलावली.

"मग तुम्ही मला थांबवलं का नाहीत?"

त्यांनी मॅडमकडे पाहिलं. विद्यार्थी असताना उत्तर येत नसलं की ते असेच बघत, आणि मॅडम काहीतरी धागा हातात देत. आज मॅडमनी दिला नाही. देण्यासारखा त्यांच्याजवळ नव्हताही.

खुर्चीच्या हातावर जोर देऊन काकू उठल्या. पुतण्याने पुढे केलेला हात त्यांनी पहिल्यांदाच धरला.

"कुठे बसवलंय तिला?" त्यांनी मॅडमना विचारलं.

"सामानाच्या खोलीत. डावीकडे, शेवटचं दार."

"चल रे, मला तिथवर पोचव," त्या पुतण्याला म्हणाल्या, आणि दोघंही सावकाश त्या दाराकडे चालू लागले.